भरलेली बॅटरी आणि येलेनिकचा उतार

येलेनिकमध्ये नोव्हेंबर ते मार्च अर्ध्या टाकीवर कोणी गाव सोडत नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. बर्फाने रस्ता अडला किंवा समोर झाड आडवं पडलं, तर मदत येईपर्यंत इंजिन चालू ठेवून ऊब घ्यावी लागते, एवढं साधं कारण. लुडविक माकुत्सने तेहेतीस वर्षं याच डोंगरावरून ओंडक्यांचा ट्रक खाली नेला आणि त्या तेहेतीस वर्षांत त्याच्या ट्रकचा काटा हिवाळ्यात कधी अर्ध्याखाली गेला नाही. निवृत्तीनंतर हातात विजेची गाडी आली, तरी सवय सुटली नाही. संध्याकाळी अंगणातल्या खांबाला वायर लावायची, सकाळी शंभर टक्के दिसले की मगच बूट चढवायचे.

गाडी त्याची नव्हती. ती खालच्या पोडब्रेगच्या नगरपालिकेची होती. आठ निवृत्त माणसं ती पाळीपाळीने चालवत आणि ज्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही अशा म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे, बँकेत, बाजारात नेऊन आणत. पगार नाही, भाडं नाही. ज्याची पाळी त्याच्या अंगणात गाडी.

त्सिल्का, म्हणजे लुडविकची बायको, गेली त्या हिवाळ्यात तो सहा आठवडे कुणाशी धड बोलला नव्हता. सूप गरम करायचा, चमचा हातात घ्यायचा आणि तसाच बसायचा. एक दिवस नगरपालिकेतून मिलेनाचा फोन आला. "लुडविक, उद्या सकाळी सहाला पावला कोस्माचला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तुझ्याच गावची आहे. गाडी पाठवते." तो नाही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी जाताना पावलामावशी दातामुळे बोलली नाही, पण येताना तिने चौदा किलोमीटर त्याला दाढी न केल्याबद्दल झापलं. घरी येऊन त्याने दाढी केली, सूप प्यायला आणि मिलेनाला विचारलं, "पुन्हा कधी?" याला आता चार वर्षं झाली होती.

पण नऊ मार्चला तो सत्तर वर्षांचा होणार होता. सत्तरीनंतर समिती बसते. डॉक्टरचा कागद लागतो आणि वर्षभराची पाटी कोरी लागते. त्यांच्यातल्याच, आधी सत्तरी गाठलेल्या विन्कोने मागच्या वर्षी औषधाच्या दुकानाच्या भिंतीला आरसा घासला होता, तेवढ्या एका नोंदीवर त्याची किल्ली गेली. आता विन्को दिवसभर खानावळीच्या खिडकीत बसून लोक गाड्या कशा लावतात ते बघतो आणि सगळ्यांना गुण देतो. लुडविकला ती खिडकी डोळ्यासमोर दिसायची.

फेब्रुवारीत जुन्या गाडीचा भाडेकरार संपत आला. विक्रेत्याने त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती दोन आठवडे वापरायला दिली. महापौर मातिच चौतिशीतला. त्याचा बाप लुडविकच्या ट्रकवर हाताखाली होता. त्याने लुडविकला आणि बोगदाना बाईंना बोलावलं. बोगदाना बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. शरद ऋतूत त्या या कामात आल्या, पण आतापर्यंत त्यांनी फक्त खोऱ्यातच गाडी चालवली होती.

"काका, जुनीच विकत घेऊन ठेवायची की नवी घ्यायची, ते तुम्ही दोघं सांगा," मातिच म्हणाला. "एक आठवडा नवी तुमच्याकडे वर, मग बाईंकडे." त्याने दोघांना एकेक कागद दिला. बारा ओळी, समोर दोन रकाने, जुनी आणि नवी.

नगरपालिकेच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच आईच्या लेकी, पण धाकटी शहरात राहून आलेली. तिच्या नाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची एकच पातळ पट्टी होती.

"जुनीला डोळे होते," बोगदाना बाई म्हणाल्या. "हिला नुसती भुवई आहे."

"भुवई तर भुवई. डबा उघडा मागचा," लुडविक म्हणाला.

डब्यात म्हाताऱ्यांची चालायची चौकट न घडी करता मावली. जुनीत ती मागच्या सीटवर आडवी टाकावी लागे आणि प्रवाशाच्या कमरेत घुसे. दोन सीटच्या मधला गिअरचा दांडा गेला होता, त्याऐवजी स्टिअरिंगमागे एक छोटी मूठ होती. हीटर बाहेरच्या थंड हवेतून ऊब ओढणारा, त्यामुळे वीज कमी खाणारा. आणि मुख्य म्हणजे अंतर. जुनी थंडीत हीटर लावून एकशे नव्वद किलोमीटरच्या वर जात नसे. जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन परत येलेनिक चढायचं म्हणजे दीडशे किलोमीटर आणि शेवटी सातशे मीटरची चढण. येताना शेवटचे पंधरा किलोमीटर लुडविक हीटर बंद करी आणि ऑपरेशन झालेली माणसं कोटात गुरफटून थरथरत घरी येत. नवी थंडीतही तीनशेच्या वर जात होती.

विक्रेत्याचा माणूस तिलेन, गळ्यात मफलर, पायात पातळ बूट, अभिमानाने म्हणाला, "बॅटरी मोठी आहेच. शिवाय जुनीत वरची थोडी जागा राखून ठेवायचे, ती आता पूर्ण मोकळी केली आहे. शंभर म्हणजे खरंच शंभर."

"उत्तम," लुडविक म्हणाला. ते वाक्य त्याने नीट ऐकलं होतं. फक्त त्याचा अर्थ त्याला गुरुवारी कळायचा होता.

बुधवारपर्यंत त्याने अकरा ओळी भरल्या आणि अकराच्या अकरा नवीच्या बाजूने. बारावी ओळ होती, 'उतारावरचं वागणं'. ती तो पावलामावशीच्या फेरीनंतर भरणार होता.

पावलामावशीचा उजवा डोळा लहानपणीच गवत कापताना गेला होता. डाव्यावर मोतीबिंदू इतका वाढला होता की आता समोरच्या माणसाला ती आवाजावरून ओळखत असे. ऑपरेशनच्या तारखेसाठी तिने चौदा महिने वाट पाहिली होती. गुरुवार, सव्वानऊ. तारीख चुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

सकाळी सव्वासातला लुडविक तिच्या दारात उभा राहिला. ती काळ्या कोटात, डोक्याला रुमाल बांधून, हातात पिशवी घेऊन तयारच होती. पिशवीत सुकवलेल्या नाशपाती आणि घरच्या दारूची बाटली, डॉक्टरसाठी.

"डॉक्टर घेणार नाही, मावशी."

"घेणार नाही तर तुला देईन. पण आधी त्याला विचारीन. तू दुसरा."

लुडविकने तिला पुढच्या सीटवर बसवलं. वाकून तिचा पट्टा लावताना पडद्यावर एक पिवळी ओळ उमटल्याचं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याने मान वर केली तेव्हा ती गेली होती. बॅटरी शंभर होती. त्याने गाडी काढली.

पहिले दोन किलोमीटर सपाट होते. मग सोळा वळणांची खूण असलेली पाटी आली आणि रस्ता खाली झुकला. लुडविकने पाय उचलला.

जुन्या गाडीत पाय उचलला की गाडी मागे बसे. मोटर उलटी ओढ घेई, चाकांचा वेग वीज होऊन बॅटरीत जाई आणि गाडी आपोआप हळू होई. चार वर्षं तो सोळाच्या सोळा वळणं एका पायाने उतरत आला होता. ब्रेकला पाय लागायचा तो थेट खालच्या चौकात.

नवी गाडी मागे बसली नाही. ती तशीच पुढे गेली.

त्याने मोटरची ओढ वाढवणारी, स्टिअरिंगच्या डाव्या हाताची कळ ओढली, एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर तीन रेघा उमटल्या, पण राखाडी. वेग बेचाळीस, सेहेचाळीस, पन्नास. पहिलं वळण समोर आलं. त्याने ब्रेक दाबला. गाडी व्यवस्थित थांबल्यासारखी हळू झाली, वळली आणि सरळ रस्त्याला लागताच पुन्हा धावू लागली.

"आज घाई आहे का रे तुला?" पावलामावशी म्हणाली.

"नाही मावशी."

"मग गाडीला आहे."

दुसरं वळण, तिसरं. पाय ब्रेकवरून काढला की पन्नास, ठेवला की तीस. चौथ्या वळणाला वास आला. तो वास लुडविकला झोपेतही ओळखता आला असता. जळक्या केसांसारखा, थोडा गोडसर. एकोणनव्वद साली याच रस्त्यावर त्याच्या पुढे चाललेला ट्रक हाच वास सोडत नवव्या वळणावरून सरळ गेला होता. ट्रकवाला उडी मारून वाचला. ट्रक अजूनही खाली ओढ्यात आहे, त्यातून आता झाडं उगवली आहेत.

आणि मग त्याला तिलेनचं वाक्य आठवलं. वरची राखलेली जागा मोकळी केली. शंभर म्हणजे खरंच शंभर.

जुनी गाडी शंभर दाखवायची तेव्हा तिच्या बॅटरीत खरं तर थोडी जागा शिल्लक असायची. ती जागा उतारावरची वीज रिचवायची. नवीची बॅटरी काठोकाठ भरलेली होती. वीज घ्यायला जागाच नाही, म्हणून मोटर ओढ घेणार नाही. गाडीने निघतानाच पिवळ्या ओळीत हे सांगितलं होतं आणि तेव्हा तो पट्टा लावत होता. खोऱ्यात राहणाऱ्याला हे कधी कळलंही नसतं. ज्याचं घर डोंगराच्या माथ्यावर आहे आणि जो तिथेच रात्रभर गाडी भरतो, फक्त तोच काठोकाठ भरून थेट उताराला लागतो.

ट्रकचा नियम त्याला पाठ होता. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. एकदा जोरात दाबायचं, वेग पाडायचा, सोडायचं, चाकांना वारा लागू द्यायचा. पण ही डोंगराची उत्तरेची बाजू. दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि फेब्रुवारीत ते दिवसभर तसंच राहतं. जोरात दाबलं तर गाडी घसरणार, हळू दाबलं तर ब्रेक तापणार.

पाचव्या वळणाआधी त्याने जोरात दाबलं. पायाखाली ब्रेक कडकड करत थरथरला आणि गाडीचं नाक रस्त्याच्या कडेच्या दगडी खुंट्यांकडे सरकलं, अर्धा मीटर, थोडं जास्तच. मग एका कोरड्या पट्ट्यावर चाकांनी पकड घेतली.

पावलामावशीने पिशवी छातीशी धरली. "लुडविक, मला दिसत नाही म्हणून मी गप्प आहे. पण माझ्या पोटाला कळतंय."

"ब्रेक तापलेत, मावशी. सातव्या वळणावर थांबतो."

"सातव्यावर का? इथे का नाही?"

"इथे थांबलो तर उभी राहणार नाही."

सहाव्या वळणाला पॅडल नेहमीपेक्षा खोल गेलं. सातव्या वळणाच्या पोटात ओंडके रचायची सपाट जागा होती. त्याचे ट्रक तिथेच भरायचे, तिथला खडा न् खडा त्याला माहीत होता. तिथे मातीवर भुसा असतो, भुसा गोठला तरी खरखरीत राहतो. त्याने उजवी चाकं त्या भुशात घातली. गाडी खरवडत, धक्के देत हळू झाली आणि ओंडक्यांच्या राशीपासून हातभर अंतरावर थांबली.

त्याने खाली उतरून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकातून बारीक धूर निघत होता. घड्याळात सात चाळीस.

खाली नऊ वळणं उरली होती आणि ती वरच्यांपेक्षा तीव्र. ब्रेक नीट थंड व्हायला अर्धा तास तरी लागणार. बोगदाना बाई जुनी गाडी घेऊन खोऱ्यातून वर येऊ शकत होत्या, पण त्यांना यायला पंचवीस मिनिटं, अशा रस्त्यावर त्या पहिल्यांदाच चालवणार, आणि पुन्हा खाली जाऊन इस्पितळ गाठेपर्यंत पावणेदहा. शिवाय फोन मिलेनामार्फत जाणार आणि मिलेना फोन झाला की नोंद करते. हा विचार मनात आला याची लुडविकला त्याच क्षणी लाज वाटली. पण आला, हे खरं.

तो पुन्हा आत बसला. पडद्याकडे पाहत राहिला. शंभर. जागा हवी. जागा करायची तर वीज खर्चायला हवी. आणि विजेच्या गाडीला सगळ्यात जास्त कशाने भूक लागते?

त्याने चारही खिडक्या खाली केल्या. हीटर शेवटपर्यंत फिरवला. दोन्ही सीटची ऊब, मागच्या काचेची जाळी, पुढच्या काचेवरचा गरम झोत, जे जे पेटतं ते पेटवलं. मग गाडी वळवली आणि तोंड वर केलं.

खिडकीतून उणे सहा अंशांचा वारा आत येत होता आणि पायाशी भट्टी पेटली होती.

"इस्पितळ खाली आहे ना रे?"

"हो."

"आणि आपण वर चाललोय."

"हो मावशी. बॅटरी थोडी रिकामी करायची आहे. भरलेली असली की गाडी उतारावर स्वतःला धरत नाही."

"म्हणजे तू रात्रभर भरलीस ती आता ओतून द्यायची."

"हो."

"आणि खिडक्या?"

"हीटर थांबू नये म्हणून."

"चौदा महिने थांबले मी," पावलामावशी रुमाल घट्ट करत म्हणाली, "एका वेड्याच्या गाडीत न्यूमोनियाने मरायला."

नव्व्याण्णव. चढण खडी होती, तरी आकडा हलायला वेळ लागला. लुडविक त्याच्याकडे असा बघत होता जसा तो कधीकाळी डिझेलच्या काट्याकडे बघायचा, फक्त उलट. अठ्ठ्याण्णव. चढताना ब्रेकला काम नव्हतं. वाऱ्याने ते थंड होत होते. हेही त्याने धरलं होतं. सत्त्याण्णव. वरच्या पाटीपाशी रस्ता रुंद होतो. सात बावन्नला तिथे त्याने गाडी वळवली, तेव्हा शहाण्णव झाले होते.

पुन्हा तोच उतार. त्याने पाय उचलला.

गाडी मागे बसली. पूर्ण नाही, जुनीसारखी नाही, पण बसली. तीन रेघांपैकी दोन हिरव्या झाल्या. खिडक्या त्याने उघड्याच ठेवल्या, हीटर पेटलेलाच ठेवला. खाली जाताना जेवढी वीज परत येईल, तेवढी हीटरने खात राहावी, म्हणजे जागा संपणार नाही. वेग पंचवीस. पहिलं वळण, दुसरं. पाचव्यावर बर्फावरून तो ब्रेकला पाय न लावता, नुसत्या मोटरच्या ओढीवर गेला. सातव्यावरून ओंडक्यांची रास मागे पडली.

अकराव्या वळणाला खालून ओंडक्यांचा रिकामा ट्रक वर आला. रस्त्याची सगळी रुंदी त्याचीच. लुडविकने कळ ओढली, गाडी हळू झाली, शेवटच्या दोन मीटरसाठी त्याने ब्रेक दाबला. पॅडल वरच्या वर लागलं. ब्रेक परत आले होते. ट्रकवाल्याने काच खाली केली.

"लुडविक, खिडक्या उघड्या टाकून कुठे? समुद्रावर?"

"तू बाजूला हो आधी!" पावलामावशी ओरडली. "माझा डोळा वाट बघतोय!"

इस्पितळात ते नऊ बावीसला पोचले. परिचारिकेने घड्याळावर बोट ठेवलं, पावलामावशीच्या लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं आणि तिला आत घेतलं. लुडविक बाकावर बसला. त्याने हात कोटाच्या खिशात घातले. एका खिशात तो कागद होता. बारावी ओळ.

लिहिलं तर ती नोंद. नऊ मार्चच्या समितीपुढे पहिलं पान तेच. ब्रेक तापवले, प्रवासी धोक्यात, वेळ चुकली. विन्कोने फक्त आरसा घासला होता.

येताना पावलामावशीच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. डॉक्टरने बाटली घेतली नव्हती, पण नाशपाती खाल्ल्या होत्या. पावलामावशी म्हणाली, "तुला काय खातंय ते मला माहितेय. मी आंधळी आहे, लुडविक. एक डोळा गेलेला, दुसरा बांधलेला. मी काय पाहिलं? कुणी विचारलं तर मी म्हणेन, गाडी मऊ होती आणि हवा छान लागली."

लुडविक हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. नाही म्हणता म्हणता तो त्या विचाराला सरावू लागला. यापुढे वर गाडी पूर्ण भरायची नाही, हे आता त्याला कळलं होतं. त्याला कळलं म्हणजे झालं. नुकसान कुणाचं?

येलेनिकच्या पहिल्या घरांशी पोचतानाच फोन वाजला. बोगदाना बाई. "लुडविक, पुढच्या आठवड्यात नवी माझ्याकडे. पावलाबाईंना तपासणीला मीच न्यायचं, असं मिलेना म्हणतेय. मी आदल्या दिवशी वर माझ्या बहिणीकडे येऊन राहते. रात्री गाडी पूर्ण भरून ठेवते, तुम्ही ठेवता तशी. बरोबर ना?"

लुडविकने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पावलामावशीने मान त्याच्या बाजूला फिरवली.

"बाई," तो म्हणाला, "उद्या मातिचकडे सगळ्यांसमोर बोलतो. तोपर्यंत तिला हात लावू नका."

शुक्रवारी नगरपालिकेच्या खोलीत पाच जण होते. मातिच, मिलेना, बोगदाना बाई, तिलेन आणि लुडविक. लुडविकने उभं राहूनच सांगितलं, पिवळ्या ओळीपासून भुशापर्यंत, काही न गाळता. बोलताना तो मातिचकडे न बघता टेबलाकडे बघत होता.

तिलेन ताठ झाला. "हे सगळं पुस्तकात आहे. पान दोनशे बारा. पूर्ण चार्ज असताना..."

"पुस्तक कुठे आहे?" बोगदाना बाईंनी विचारलं.

"पडद्यावर. मेनूत गेलं की..."

"उतारावर?" बाई म्हणाल्या, आणि तिलेन गप्प झाला. वर्गात असे बरेच जण त्यांनी गप्प केले होते.

मातिचने कपाळ चोळलं. "काका, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"माहितेय."

"नोंद करावी लागेल. मी केली नाही तर विन्को खिडकीतून येऊन माझी मान धरेल."

"कर. पण आधी दुसरं लिही." लुडविकने कागद पुढे सरकवला. बाराव्या ओळीत त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: जुनी जास्त माफ करते. नवी माफ करत नाही, पण सांगते. सांगितलेलं वाचावं लागतं. वर भरताना ऐंशीवर थांबवायची. ऐंशीवरही ती इस्पितळात जाऊन येते आणि येताना हीटर बंद करावा लागत नाही. घ्यायची तर नवीच.

मातिचने ते दोनदा वाचलं. "स्वतःच्याच विरुद्ध लिहून वर तिचीच शिफारस?"

"गाडीची चूक नाही. आमच्या गावची सवय आहे. आता ती बदलायला हवी."

मिलेनाने नोंदवही उघडली आणि त्याच्याकडे न बघता लिहायला लागली. तिची पेन्सिल मोडली, ती दुसरी घेऊन आली. मातिच उठला, लुडविकसमोर आला आणि त्याने हात पुढे केला. लुडविकने खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"समिती होईपर्यंत," मातिच म्हणाला. "तिथे मी बोलेन. पण मत माझं एकट्याचं नाही."

"बरं."

"समितीपर्यंत गाडी चालवायची नाही, एवढंच कागदावर आहे. गाडीत बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

पुढच्या गुरुवारी सकाळी बोगदाना बाईंनी गाडी पावलामावशीच्या दारात लावली. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होते. पावलामावशी मागे बसली. पट्टी निघाली होती आणि ती प्रत्येक झाड मोजत होती. लुडविक पुढे, बाईंच्या शेजारच्या सीटवर बसला. इथून ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही, हे त्याने एकदा हळूच पाहून घेतलं आणि मग हात मांडीवर घट्ट धरले.

सोळा वळणांची पाटी आली. बोगदाना बाईंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

"आता?"

"पाय उचला, बाई. पूर्ण. भिऊ नका."

त्यांनी उचलला. गाडी मागे बसली, तीनही रेघा हिरव्या झाल्या. पहिलं वळण त्यांनी जरा रुंद घेतलं.

"ब्रेक लावू?"

"अजून नाही."

"दरी किती जवळ आहे रे!" पावलामावशी मागून म्हणाली. "ही इथेच होती का इतकी वर्षं?"

"इथेच होती, मावशी."

"मग मागच्या वेळी आंधळी होते तेच बरं होतं."

बोगदाना बाईंनी दुसऱ्या वळणाकडे डोळे लावले. लुडविकनेही. "आता कळ ओढा," तो म्हणाला, "एकदाच, हळू," आणि बर्फाच्या पट्ट्यावर गाडीचं नाक कुठे जातंय ते बघत राहिला.